हौदाचे गणित आणि राक्षसांच्या लाटा

एक नळ हौदात पाणी आणतो, दुसरा ते बाहेर काढतो; तर हौद किती वेळात भरेल? असली उदाहरणे तुम्ही वर्गात सोडवली असतील आणि ‘असा हौद बांधतो तरी कोण?’ म्हणून वैतागलाही असाल. हेच उदाहरण निराळ्या वेषात संगणकावरील खेळांत भेटते. तेथे पाण्याऐवजी राक्षस येतात आणि हौद रिकामा करणारा नळ म्हणजे खुद्द खेळाडू!

खेळ कसा चालतो?

ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीचा ‘डायब्लो ४’ हा खेळ जून २०२३ मध्ये आला. (हा खेळ प्रौढांसाठी आहे. आपल्याला त्यातल्या मारामारीशी नव्हे, हिशेबाशी काम आहे.) यात खेळाडू एका योद्ध्याची भूमिका घेतो, लढतो, शस्त्रे मिळवतो आणि हळूहळू बलवान होतो. कथा संपली तरी खेळ संपत नाही. मुरलेल्या खेळाडूंसाठी पुढे अधिक कठीण आव्हाने असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांत ‘इन्फर्नल होर्ड्स’, म्हणजे नरकातल्या टोळ्या, या आव्हानाची भर पडली.

येथे राक्षस लाटांनी चालून येतात. सुरुवातीच्या रूपात एक लाट ९० सेकंदांची होती. राक्षस मारले की ‘ईथर’ नावाचे धन मिळते. प्रत्येक लाटेनंतर तीन पर्याय पुढे येतात व त्यांतला एक निवडावाच लागतो. गंमत अशी की प्रत्येक पर्यायात एक वर असतो आणि त्याला चिकटलेला एक शापही असतो! उदाहरणार्थ, ईथर जास्त मिळेल, पण राक्षसही जास्त येतील. हे वर आणि शाप शेवटच्या लाटेपर्यंत साठत जातात. अखेरीस राक्षसांच्या म्होरक्यांशी लढाई होते आणि ती जिंकली, की साठवलेले ईथर मोजून बक्षिसांच्या पेट्या उघडता येतात.

म्हणजे येथे राक्षस हे संकटही आहे आणि मिळकतही. ते फार थोडे आले तर हाती काही लागत नाही. फार आले तर खेळाडूच बुडतो. मग किती येऊ द्यावेत?

कोपनहेगनचा टेलिफोन

या प्रश्नाचा धागा शंभर वर्षांहून जुना आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचे गणिती काम करीत. लोक केव्हाही फोन करतात. मग कोणाला फार ताटकळावे लागू नये म्हणून तारा किती ठेवाव्यात? या विषयावरचा त्यांचा पहिला लेख १९०९ मध्ये आला. त्यातून पुढे रांगेचा सिद्धांत उभा राहिला.

त्यातले एक सोपे सूत्र पाहू. येण्याच्या वेगाला निपटण्याच्या वेगाने भागले, की येणाऱ्या उत्तराला ‘भार’ म्हणू. येणे आणि निपटणे दोन्ही अनियमित असतील, तर रांगेतील सरासरी संख्या = भार ÷ (१ − भार).

समजा, आपला योद्धा मिनिटाला ६० राक्षस मारू शकतो. मिनिटाला ३० आले तर भार ०.५ आणि सरासरी १ राक्षस समोर उभा. ४८ आले तर भार ०.८ आणि समोर ४. ५४ आले तर ९. आणि ५७ आले तर? तब्बल १९! ५४ वरून ५७ म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के वाढ. पण गर्दी दुपटीहून अधिक झाली. ६० आले तर भार १ होतो, छेदात शून्य येते आणि गर्दीला मर्यादाच उरत नाही.

हा अर्थात दीर्घकाळाचा हिशेब आहे. ९० सेकंदांत गर्दी इतकी वाढेलच असे नाही. पण कल तोच राहतो: काठाजवळ थोडासा लोभही महाग पडतो.

नळ मोठा कसा करावा?

उपाय दोन. पहिला, लढाईपूर्वीची तयारी. या खेळात शस्त्रांच्या काही गुणांपुढे अधिकाचे चिन्ह असते, काहींपुढे गुणिलेचे. मूळ घाव १०० चा आहे आणि अधिक चिन्हाची २०० टक्के वाढ आधीच मिळालेली आहे, असे समजा. म्हणजे घाव ३००. आता आणखी ५० टक्के ‘अधिक’ मिळाले तर मूळच्या १०० वरचे ५० मिळून ३५० होतात. ‘गुणिले’ मिळाले तर ३०० ची दीडपट, म्हणजे ४५०! चिन्ह न बघता नुसता टक्का बघणारा येथे फसतो.

दुसरा उपाय, घोळका करून मारणे. एकेकाच्या मागे धावणे म्हणजे एकेका प्रवाशासाठी वेगळी बस सोडण्यासारखे. चपळ खेळाडू फिरत राहून राक्षसांना एके जागी गोळा करतो आणि पसरट घावाने एकदम पाडतो.

वर घ्यावा की नको?

आता लाटेनंतरच्या निवडीचे उत्तर स्पष्ट होते. मागची लाट संपताना मैदान बरेचसे मोकळे होते का? मग भार कमी आहे. राक्षस वाढवणारा पर्याय खुशाल घ्यावा. तो लवकर घेतला तर त्याचा लाभ पुढच्या सगळ्या लाटांत मिळतो. मैदान कोंदलेले असेल, तर वर कितीही मोहक असो, ज्याचा शाप सौम्य तो पर्याय घ्यावा. हातचे ईथर पेटीपर्यंत पोचले तरच ते आपले.

तिकिटाची खिडकी आणि दवाखान्याची रांग याच सूत्राने तुंबतात. डॉक्टर क्षणभरही रिकामे बसू नयेत अशी व्यवस्था केली, की बाहेर रोग्यांची रीघ लागते. थोडी मोकळीक म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. व्यवस्था कोलमडू नये म्हणून दिलेली ती किंमत आहे.

करून पाहा

मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या नळापाशी घड्याळ घेऊन उभे राहा. दर मिनिटाला किती मुले येतात आणि एकाचे पाणी पिऊन व्हायला सरासरी किती सेकंद लागतात, ते दहा मिनिटे टिपा. त्यावरून भार काढा आणि दर मिनिटाला रांगेत दिसणारी मुले मोजून सूत्राशी ताडून पाहा. उत्तर तंतोतंत जुळणार नाही, कारण घंटा झाली की मुलेही लाटेनेच येतात! मग सूत्राच्या कोणत्या गृहीतकाला तडा गेला, हे वर्गात शिक्षकांशी बोलून शोधा.