जपानची शैक्षणिक उसनवारी

मेइजी काळातील जपानने परदेशी शाळांचा अभ्यास हे सरकारी कामच मानले. 1871 च्या अखेरीस निघालेल्या इवाकुरा शिष्टमंडळासोबत शिक्षण खात्याचे तानाका फुजिमारो अमेरिका-युरोपातील शाळा पाहत हिंडले. ते परतण्याआधीच, 1872 मध्ये, देशाचा पहिला शिक्षण कायदा जाहीर झाला. त्याची चौकट फ्रेंच होती: देशाचे 8 विभाग आणि त्यांत मिळून 53,760 प्राथमिक शाळा.

ही संख्या कागदावरच राहिली. शाळेचा खर्च आणि फी गावकऱ्यांवर पडली, शेतात राबणारे हात वर्गात अडकले, आणि काही भागांत संतापलेल्या शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या. त्यांचा राग समजण्यासारखाच होता. मग 1879 मध्ये अमेरिकी धर्तीवर स्थानिक कारभाराला मोकळीक देणारा कायदा आला. हजेरी घसरली आणि पुढच्याच वर्षी तो बदलावा लागला.

सर्वांत मोलाची उसनवारी मात्र वर्गातली होती. जुन्या तेराकोया शाळांत प्रत्येक मूल आपापला धडा गिरवत असे. टोकियोत 1872 मध्ये निघालेल्या अध्यापक विद्यालयात मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाने फळा आणि भिंतीवरचे तक्ते वापरून सगळ्या वर्गाला एकत्र शिकवण्याची रीत दाखवली. तिथे घडलेल्या शिक्षकांनी ती प्रांतोप्रांती नेली.

फीचा अडसर दूर व्हायला मात्र 1900 साल उजाडले. सरकारी प्राथमिक शाळांतील फी तत्त्वतः रद्द झाली, आणि 1907 मध्ये सक्तीचे शिक्षण 4 वरून 6 वर्षांचे झाले.