घरातल्या ऑफिसला रंग कोणता द्यावा?
कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी काही उपयुक्त गोष्टी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या कापडाच्या गावांत आणि मुंबईच्या उपनगरांत अनेक व्यापारी बांधवांनी घरातलीच एक खोली ऑफिस केली आहे. बाजारातल्या गाळ्याचे भाडे परवडत नाही, दलाल नमुने घेऊन घरी येतो, फोनवर फोटो जातो आणि सौदा ठरतो. यात गैर काही नाही. पण या खोलीला रंग देताना विचार फक्त घराचा होतो. शेजाऱ्याच्या हॉलला जो रंग शोभला तोच इथे लागतो. हिशेब-वह्यांच्या ऑफिसला ते चालून जाईल. जिथे कापडाची शेड पारखायची आहे तिथे मात्र भिंतीचा रंग हा धंद्याचाच भाग समजला पाहिजे.

शेड जुळली नाही म्हणून माल परत आला की काय होते हे आपण सर्व जाणतो. प्रोसेसवाला म्हणतो लॉट बरोबर आहे, खरीदार म्हणतो नमुना वेगळा होता, दलाल दोघांची समजूत काढत फिरतो आणि पैसा अडकतो तो व्यापाऱ्याचा. कधी कधी यात खोटे कोणीच बोललेले नसते. दोघांनी तेच कापड वेगवेगळ्या खोलीत पाहिलेले असते, एवढेच.

भिंत कापडाचा रंग कसा बदलते?

हे दोन प्रकारे घडते. पहिला प्रकार साधा आहे. खिडकीतला किंवा दिव्याचा उजेड भिंतीवर आपटून कापडावर पडतो आणि येताना भिंतीचा रंग सोबत आणतो. हिरव्या भिंतीजवळ पांढऱ्या लठ्ठ्याचे थान ठेवा, त्यावर हिरवट झाक दिसेल.

दुसरा प्रकार आपल्या डोळ्याचा आहे. पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकाम कारखान्यात मिशेल यूजीन शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथे तक्रार आली की काळ्या सुताला पुरेसा जोर नाही. त्यांनी तपास केला तेव्हा काळ्या रंगात दोष निघाला नाही. ते सूत निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणले जात होते, म्हणून ते फिके भासत होते. शेजारचा रंग डोळ्याला कसा फसवतो यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ही गोष्ट आपल्याच धंद्यातून जगाला कळली आहे, हे लक्षात ठेवावे.

हिरवा रंग आपल्याकडे अनेक घरांत आवडीने लावतात. बैठकीच्या खोलीत तो जरूर लावावा. पण माल पाहण्याच्या खोलीत हिरव्या भिंतीपुढे फिकट राखाडी कापड किंचित गुलाबीसर वाटते आणि लाल रंग आहे त्याहून जास्त उठतो. गडद निळ्या भिंतीपुढे क्रीम कापड अधिक पिवळे दिसते. फोनचा कॅमेराही यातून सुटत नाही. मागे मोठी रंगीत भिंत असली की तो आपोआप रंग सावरू पाहतो आणि कापडाची शेड उलट बाजूला ढकलतो.

मग कोणता रंग निवडावा?

माल पाहण्याच्या टेबलामागची आणि दोन्ही बाजूंची भिंत साधी फिकट राखाडी किंवा मऊ पांढरी ठेवावी. राखाडी म्हणजे पांढऱ्यात फक्त काळा मिसळलेला. शेडकार्डवर राखाडी नावाने येणाऱ्या अनेक छटांत निळा, हिरवा किंवा तपकिरी मिसळलेला असतो. ते ओळखायला कार्डाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावे. शेड तपासण्याच्या पेट्यांचा आतला रंग राखाडी असतो तो याच कारणाने. छत पांढरेच असावे, त्यामुळे उजेड सारखा पसरतो. रंगीत भिंत हवीच असेल तर ती खिडकीपासून आणि टेबलापासून दूर, दाराच्या बाजूला द्यावी.

शेडकार्डावरचा इंचभर तुकडा पाहून ऑर्डर देऊ नये. तोच रंग पूर्ण भिंतीवर जास्त गडद वाटतो. दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे पट्टे रंगवून घ्यावेत, पूर्ण सुकू द्यावेत आणि सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली पाहूनच निर्णय घ्यावा.

चमक किती असावी?

भिंत जितकी चमकदार तितके दिव्याचे प्रतिबिंब जास्त आणि डोळ्याला त्रास जास्त. म्हणून वरच्या भागाला मॅट इमल्शन घ्यावे. त्यात प्लास्टरचे उंचसखलपणही झाकले जातात. मात्र मॅट भिंतीवर डाग बसले तर घासून काढणे कठीण असते, आणि आपल्या खोलीत थाने टेकतात, खुर्च्या घासतात, कापडाची रुई चिकटते. यावर उपाय म्हणजे खालच्या साडेतीन-चार फुटांना त्याच शेडचे सॅटिन इमल्शन द्यावे. ते ओल्या फडक्याने पुसता येते.

डिस्टेंपर स्वस्त आहे, पण ते इमल्शनइतके धुण्याला टिकत नाही. तेलाचा पांढरा रंग कमी उजेडाच्या खोलीत काही वर्षांनी पिवळा पडतो आणि त्याचा वास कापडात बसतो. त्यामुळे तो भिंतीला टाळावा, दार-खिडक्यांपुरता ठेवावा. कोणताही रंग लावला तरी वास पूर्ण जाईपर्यंत थाने त्या खोलीत आणू नयेत.

घरात मुले असतात म्हणून एक सावधगिरी हवी. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. पाणी मारून घासावा आणि त्या वेळी मुलांना दूर ठेवावे.

उजेडाशिवाय रंग नाही

उत्तरेची खिडकी असेल तर टेबल तिच्याजवळ ठेवावे. तिथला उजेड दिवसभर बराचसा सारखा राहतो. आपल्या भागात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो. त्या दिवसांत ऊन आत आलेच तर पातळ पांढरा पडदा लावावा, रंगीत नको.

दोन कापडे दिवसा एकसारखी आणि ट्यूबखाली वेगळी दिसतात, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. दोन्हींतले डाय वेगळे असले की असे होते. म्हणून शेड नेहमी दोन उजेडांत जुळवावी. दिवा घेताना ६५०० केल्विनचा आणि सीआरआय ९० किंवा त्याहून वर असलेला घ्यावा. हे आकडे खोक्यावर पाहून घ्यावेत. चकाकी आणण्यासाठी व्हाइटनर दिलेल्या पांढऱ्या मालाचे तेज सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे खुलते. साध्या एलईडीत ते किरण जवळजवळ नसतात. असा माल दिवसाच्या उजेडातच पाहावा.

आधी ओल, मग रंग

भिंतीत ओल असेल तर उत्तम रंगही फुगतो, लोणा येतो आणि टेकवलेल्या थानाला डाग पडतो. त्यासाठी सोपी चाचणी आहे. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवून एक दिवस ठेवावा. आत पाण्याचे थेंब दिसले तर आधी गळती शोधावी. नव्या प्लास्टरला निदान महिनाभर सुकू द्यावे. रंगकाम पावसाळा संपल्यावर काढावे, आणि रंग दिल्यावरही रॅक भिंतीपासून चार-सहा इंच पुढे ठेवावा.

खर्चाचा अंदाज

समजा खोली १० बाय १२ फुटांची व उंची १० फूट आहे. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दार २१ आणि खिडकी १६ चौरस फूट वजा जाता ४०३ उरतात. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला १२० ते १४० चौरस फूट असे लिहिलेले असेल, तर सुमारे तीन ते साडेतीन लिटर रंग पुरतो. छताचे १२० चौरस फूट वेगळे धरावेत. प्रायमर व पुट्टीत काटकसर करू नये, कारण रंग त्यांच्यावरच टिकतो.

कापडात जसा लॉट, तसा रंगात बॅच नंबर असतो. सर्व डबे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्यावेत. मशीनवर शेड बनवून घेतली असेल तर डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत आणि शेडचा कोड वहीत लिहून ठेवावा.

शेवटी एक गोष्ट. पिवळ्या झगझगीत दिव्याखाली जर आणि लाल रंग खुलतात, हे ओळखून काही दुकानांत मुद्दाम तशी योजना असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगाऱ्यात हात घातला तेव्हा आत ओल लागली. भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. कापडालाही हीच कसोटी लावावी. आपल्या खोलीत जी शेड दिसते तीच खरीदाराला त्याच्या घरी दिसली पाहिजे. साधी राखाडी भिंत आणि चांगला दिवा यांना फार खर्च येत नाही, आणि त्यात इस्राफही नाही. येत्या दिवाळीनंतर किंवा रमजानच्या आधी ज्यांच्या घरी रंगाचे काम निघणार आहे, त्यांनी रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी आपल्या मालाचे एक थान त्या खोलीत उलगडून जरूर पाहावे.