न कळणाऱ्या कळा

“अहो मॅडम, तिला दुखतच नाहीये. मग पाठीत इंजेक्शन कशाला?”

लेबर रूमच्या दाराशी सासूबाईंनी भूलतज्ज्ञ डॉक्टरांना असं विचारलं, तर प्रश्न बिनतोडच वाटेल. समजा, त्यांची सून चार वर्षांपूर्वी दुचाकीवर मागे बसलेली असताना पडली. मानेच्या खालच्या बाजूचा मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेंगरला. तेव्हापासून छातीखाली स्पर्श नाही, पायांत हालचाल नाही, चाकाची खुर्ची आली. आता दिवस भरलेत. दर चार-पाच मिनिटांनी पोट दगडासारखं घट्ट होतं. पोटावर हात ठेवला तर सिस्टरना ते कळतं. जिचं पोट आहे तिला कळत नाही. कळा येताहेत आणि ती मोबाईल बघत पडलीय. आपल्याकडे धडधाकट बाईलासुद्धा ‘त्या इंजेक्शननं कंबर कायमची धरते’ म्हणून घाबरवतात. मग इथे तर ते नकोच, असं घरच्यांना वाटणारच.

तरीही इथे एपिड्युरल, म्हणजे पाठीतलं तेच इंजेक्शन, द्यायचं, आणि तेही कळा सुरू झाल्या झाल्या. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही हाच आहे.

गर्भाशयाला आकसण्यासाठी मेंदूची परवानगी लागत नाही. ते काम हार्मोन्सच्या जोरावर चालतं. म्हणूनच मज्जारज्जूला इजा झालेल्या बाईला दिवस जातात, कळा येतात आणि बाळंतपण नेहमीच्या वाटेनंही होतं. पोटाच्या स्नायूंनी जोर करता येत नाही, त्यामुळे शेवटी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागण्याचा संभव जास्त, एवढंच. ‘चाकाची खुर्ची म्हणजे सिझर’ हे समीकरण खरं नाही.

कळांची खबर बेंबीच्या पातळीच्या आणि त्याखालच्या नसांमधून मज्जारज्जूत शिरते. इजा त्याहून वर असेल तर ही खबर मेंदूपर्यंत पोचत नाही, पण म्हणून विरूनही जात नाही. वाटेत मज्जारज्जूतच रक्तवाहिन्या आवळणाऱ्या चेतापेशी बसलेल्या असतात, त्या खडबडून जाग्या होतात. एरवी मेंदू वरून त्यांना आवर घालतो. इथे तो निरोप खाली उतरत नाही. पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या करकचून आवळल्या जातात आणि बीपी उसळतं. मेंदूला ते मानेतल्या रक्तवाहिन्यांमधून समजतं. त्याच्या हातात उरलेली एकच तार म्हणजे व्हेगस ही नस. ती कवटीतूनच निघते, मज्जारज्जूतून जात नाही. तिच्यामार्फत तो हृदयाला ‘हळू चाल’ म्हणतो. नाडी मंदावते, इजेच्या वरचा भाग लालबुंद होतो, चेहऱ्याला घाम फुटतो, नाक चोंदतं, डोकं घणाघात केल्यासारखं ठणकतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या मात्र सुटत नाहीत. याचं नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया.

पाठीवर फऱ्याच्या हाडाचं खालचं टोक हाताला लागतं ना, त्याच्या जरा वर छातीचा सहावा मणका असतो. इजा त्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर हा धोका मोठा. अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना तो कधी ना कधी गाठतो, असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. निमित्त फुटकळही चालतं. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, अगदी बोटात रुतलेलं नखसुद्धा. बाळंतपण हे तर सगळ्यांत मोठं निमित्त.

बीपीचं हे उसळणं पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात. नाझी राजवटीतून १९३९ मध्ये निसटलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये तिथे जखमी सैनिकांसाठी मज्जारज्जू विभाग सुरू केला. रुग्णांचं मूत्राशय भरत जातं तसं बीपी कसं चढत जातं, हे त्यांनी डेव्हिड व्हिटरिज यांच्याबरोबर १९४७ मध्ये मांडलं. याच रुग्णालयाच्या मैदानावरच्या स्पर्धांमधून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. हे थोडं विषयांतर झालं, पण उगाच नाही. या दुखापतीचं सगळं शास्त्र आधी पुरुषांवर, त्यातही सैनिकांवर, उभं राहिलं. बाळंतपणाच्या कळांनी हृदयाची लय कशी बिघडते, यावर गुटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं ते १९६० च्या दशकात.

आता मॉनिटरकडे बघा. या सुनेचं रोजचं बीपी ९५ वर ६०. मानेला इजा झालेल्यांचं ते असंच कमी असतं. कळ सुरू झाली आणि आकडा आला १३०. नवख्या माणसाला हा आकडा अगदी नॉर्मल वाटेल. तिच्या दृष्टीनं ती धोक्याची घंटा आहे, कारण नेहमीपेक्षा २० ते ४० नं वर गेलं की सावध व्हायचं असतं. कळ ओसरली, आकडा उतरला. पुढची कळ, १६५. कळा जवळजवळ येऊ लागल्या, गर्भाशयाचं तोंड उघडत गेलं की हाच आकडा दोनशेच्या पलीकडे जाऊ शकतो. मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती तिथे असते. इकडे गर्भाशयाचा रक्तपुरवठा आटतो आणि बाळाचे ठोके मंदावतात.

घोटाळा होतो तो इथेच. गरोदर बाई, चढलेलं बीपी, डोकेदुखी, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया हा गरोदरपणातला बीपीचा आजार, असं कुणीही म्हणेल. पण प्रीएक्लॅम्प्सियाचं बीपी चढलं की चढलेलंच राहतं. हे कळेबरोबर चढतं आणि कळेबरोबर उतरतं, वर नाडी मंदावलेली. बीपीचा कागद कळांच्या आलेखाशेजारी धरला तर फरक दिसतो.

एपिड्युरल नेमकं काय करतं? कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळी घालून सोडलेलं औषध नसांना मज्जारज्जूत शिरण्यापूर्वीच गाठतं. खबर आत गेलीच नाही तर त्या चेतापेशी भडकणार कशा? म्हणजे भूल वेदनेसाठी नाहीच, ती खबर अडवायला आहे. त्यासाठी नुसत्या फेन्टानिलसारख्या वेदनाशामक औषधावर भागत नाही, नसा बधिर करणारं औषध लागतंच.

सांगायला सोपं, करायला किचकट. पाठीत आधीच्या ऑपरेशनच्या सळया असतात, कणा वाकलेला असतो, पाय मध्येच झटके देतात. नळी बसली तरी ती चालते आहे हे ओळखायचं कसं? एरवी भूलतज्ज्ञ स्पिरिटचा बोळा लावून ‘गार लागतंय का?’ विचारतात. हिला आधीपासूनच गार लागत नाही. मग गुडघ्याखाली हातोडी मारून बघायचं. मघाशी ताडकन उडणारा पाय निपचित पडला, ताठ स्नायू सैल झाले, की औषध उतरलं.

घाईत पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर आणखी एक सापळा आहे. घशात नळी घालण्यासाठी स्नायू झटकन सैल करणारं सक्सामिथोनियम जगभर वापरात आहे. पण लुळ्या पडलेल्या स्नायूंवर त्याला प्रतिसाद देणाऱ्या जागा भलत्याच वाढलेल्या असतात. औषध दिलं की पोटॅशियमचा लोंढा रक्तात येतो आणि हृदय थांबू शकतं. इजेनंतरचे काही महिने हा धोका सर्वाधिक, आणि पुढेही बरेच भूलतज्ज्ञ ते टाळतात. वार पडल्यावर रक्तस्राव थांबवायला देतात त्या मिथाइल-अर्गोमेट्रिननंही बीपी वाढतं, तेही इथे नको.

बाळंतपण झालं म्हणून नळी लगेच काढत नाहीत, २४ ते ४८ तास ठेवतात. टाके असतात, गर्भाशय आकसत असतं, निमित्तं संपलेली नसतात.

आणि तिसरी रात्र. नळी दुपारीच काढलीय. सून म्हणते, डोकं ठणकतंय. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर म्हणतो, पाठीतल्या इंजेक्शनची डोकेदुखी असेल, आडवं व्हा, उशी काढा. त्या डोकेदुखीत आडवं पडल्यावर बरं वाटतं, हे त्याचं बरोबर आहे. डिसरिफ्लेक्सियात नेमकं उलट करायचं असतं. बसतं करायचं, म्हणजे रक्त पायांकडे उतरतं.

“मला झोपवू नका, बसवा,” ती म्हणते. चार वर्षं ती या दुखण्याबरोबर राहिलीय. “नाक चोंदलंय माझं. आधी लघवीची पिशवी बघा.”

सिस्टर चादर वर करतात. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडलेली, पिशवी रिकामी. नळी सरळ करतात. लघवी धारेनं उतरू लागते. सासूबाई बाळ मांडीवर घेऊन मॉनिटरकडे बघत बसल्यात. १७०. थोड्या वेळानं १४०. मग ११०.