रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार?

माझ्या मावसबहिणीचं, म्हणजे ताईचं, सासर पुण्यात आणि माहेर सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. सातव्या महिन्यापर्यंत तिच्या सगळ्या तपासण्या पुण्यात झाल्या. डोहाळजेवण झालं, त्याचं रीलही झालं आणि 'पहिलं बाळंतपण माहेरी' या शिरस्त्याप्रमाणे ती गावी आली. तिथलं हॉस्पिटल निवडलं मावशीनं. कारण काय, तर ''आपल्या घरातली सगळी बाळंतपणं तिथंच झालीत.''

सदतिसाव्या आठवड्यात, रात्री दोनच्या सुमारास, ताईला अंगावरून रक्त जायला लागलं. हॉस्पिटल घरापासून पाच मिनिटांवर. पण तिथं पोहोचल्यावर कळलं की डॉक्टर बाहेरगावी आहेत, भूलतज्ज्ञ शेजारच्या गावाहून येतात आणि रक्त जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवावं लागतं. ताईला गाडीत घालून तासाभराच्या अंतरावर न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ''शेवटच्या सोनोग्राफीत वार कुठं होती?'' कुणालाच सांगता येईना. फाइल घाईत घरी राहिली होती.

ताई आणि तिचा मुलगा दोघंही आज ठणठणीत आहेत. पण ती रात्र आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. आणि खरं सांगू का, हीच ताई मोबाइल घेताना आठवडाभर रिव्ह्यू वाचत बसते. हॉस्पिटलला मात्र तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता. तुम्ही विचाराल?

सुरुवात लग्नाआधीच

'आपल्याला काय इतक्यात करायचंय?' असं म्हणून पान उलटू नका. मीही बावीस वर्षांचीच आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणी गायनॅककडे पहिल्यांदा जातात त्या पाळीच्या तक्रारीसाठी किंवा पीसीओएससाठी. डॉक्टर पारखायची हीच वेळ. भरल्या वेटिंग रूममध्ये रिसेप्शनवरून 'लग्न झालंय का?' असं ओरडून विचारतात का? तपासताना दार बंद असतं का, सोबत नर्स असते का? आणि डॉक्टर 'लग्न झालं की होईल सगळं नीट' म्हणून गोळ्या लिहून देतात, की नेमकं काय बिघडलंय ते कागदावर काढून दाखवतात? जिथं पाळीबद्दल मोकळेपणानं बोलता येत नाही, तिथं उद्या बाळंतपणाबद्दल तरी काय बोलणार?

दुसरं कारण वैद्यकीय आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून बनतो ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांतच मिटते. तोवर अनेकींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायचं असतं. रुबेलाची लसही गरोदरपणात देत नाहीत, ती आधीच घ्यावी लागते. म्हणजे चांगल्या डॉक्टरकडची पहिली भेट टेस्टवर दोन रेघा दिसण्याच्या आधीची हवी.

भिंती वाचा

वेटिंग रूममध्ये तासभर बसावं लागतंच. मोबाइल ठेवा आणि भिंती वाचा. डॉक्टरांची पदवी पाहा. एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ यांपैकी काहीतरी हवं, आणि तेही स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातलं. सोबत नोंदणी क्रमांक हवा. हॉस्पिटलचं नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी जागी असायला हवं. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रकही लावायचं असतं. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा फलक तर सगळीकडे दिसतो. तो असूनही कुणी 'पेढा की बर्फी' अशी कुजबुज करत असेल, तर फाइल उचला आणि बाहेर पडा.

स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना 'फॉग्सी' खासगी प्रसूतिगृहांना १६ निकषांवर तपासून 'मान्यता' नावाचं प्रमाणपत्र देते. सरकारी प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' हा कार्यक्रम आहे. प्रमाणपत्र नाही म्हणजे हॉस्पिटल वाईट, असं नव्हे. पण असेल तर कुणीतरी बाहेरून येऊन तपासलंय, एवढं नक्की.

लहान हॉस्पिटल वाईट नसतं

ताईच्या गोष्टीवरून 'मग मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटललाच जायचं' असा अर्थ काढू नका. घराजवळचं दहा खाटांचं प्रसूतिगृह, जिथं सिस्टर तुम्हाला नावानं ओळखतात, बऱ्याच जणींसाठी उत्तम असतं. प्रश्न आहे तो तिथं काय होऊ शकत नाही, हे ते आधी सांगतात का, हा. 'अतिजोखमीचं असेल तर आम्ही इथं करत नाही, अमुक ठिकाणी पाठवतो' असं सरळ सांगणारे डॉक्टर 'सगळं होतं इथं' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त भरवशाचे.

सिझरबद्दलही असंच. 'तुम्ही नॉर्मल करता ना?' असं विचारलं तर 'हो' असंच उत्तर येणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या सुमारे ४७ टक्के प्रसूती सिझरनं झाल्याचं दिसलं; सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. प्रत्येक सिझर विनाकारण असतं असं नाही, ताईचं सिझर झालं म्हणूनच ती वाचली. म्हणून प्रश्न असा विचारा : 'गेल्या वर्षी तुमच्याकडच्या पहिलटकरणींपैकी किती जणींचं सिझर झालं, आणि कशामुळे?'

आणि सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयात प्रसूती, अगदी सिझरसुद्धा, मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात गर्दी असते, खरंय. पण रात्री दोन वाजता तिथं डॉक्टर हजर असतो.

माहेरी जाताना

माहेरी बाळंतपण करायचं असेल तर सातव्या महिन्यापर्यंत थांबू नका. पाचव्या महिन्यात सणावाराला माहेरी गेलात की तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटून या. दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचे नंबर द्या. प्रत्येक रिपोर्टचा फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये ठेवा. रक्तगट, वार कुठं आहे आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी, या तीन गोष्टी घरातल्या दोघांना तरी पाठ हव्यात.

दिवस राहत नसतील तेव्हा

डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमनं १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, तेव्हा ती केवढी मोठी बातमी होती. आज हायवेवरच्या होर्डिंगवर गुटगुटीत बाळ आणि खाली 'सोपे हप्ते उपलब्ध' असं दिसतं. घाबरलेलं जोडपं सरळ तिथंच जातं.

थांबा. नियमित संबंध असूनही वर्षभर दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करायची असते. वय पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिन्यांनंतर. आणि तपासणी दोघांची. वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त आहे, तरी आपल्याकडे बाईच्या चार सोनोग्राफी होईपर्यंत नवऱ्याचा नंबर लागत नाही. मुलांनो, हे तुमच्यासाठीही लिहिलंय. ज्या सेंटरमध्ये त्याचा रिपोर्ट न बघता तिला दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख देतात, तिथून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला निघा.

२०२१ च्या कायद्यानं आयव्हीएफ सेंटरची नोंदणी बंधनकारक केली आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. उपचारांसाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेत लागतं. 'सक्सेस रेट ७० टक्के' ऐकलं की विचारा, कशाचा? टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचा, की बाळ घरी गेल्याचा? आणि कुठल्या वयाच्या बायकांचा? पॅकेजमध्ये इंजेक्शनं, भ्रूण गोठवणं, दुसरा प्रयत्न यातलं काय धरलंय, ते लिहून घ्या. 'गॅरंटी' हा शब्द जिथं ऐकाल तिथं पैसे भरू नका. शरीराची गॅरंटी कुणी देऊ शकत नाही.

पहिल्या भेटीत विचारा

- रात्री आणि रविवारी हॉस्पिटलमध्ये कोण डॉक्टर असतात? फोन कुठल्या नंबरवर करायचा?
- तुम्ही बाहेरगावी असाल तर माझी केस कोण बघणार? त्यांना मी आधी भेटू शकते का?
- भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतात? रक्त कुठून येतं, किती वेळात?
- बाळाला काचेत ठेवावं लागलं तर सोय इथं आहे की दुसरीकडे?
- लेबर रूममध्ये सोबत कुणाला थांबता येतं?
- नॉर्मल आणि सिझर, दोन्हीचा अंदाजे खर्च लेखी मिळेल का?

ताईला आता पुन्हा दिवस गेलेत. या वेळी ती चौथ्याच महिन्यात ही यादी घेऊन गावातल्या दुसऱ्या एका प्रसूतिगृहात गेली. सोबत मावशी होती. ताई एकेक प्रश्न विचारायला लागली तशी मावशी अवघडून म्हणाली, ''अगं, डॉक्टरांना असं विचारतात का?''

डॉक्टरांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. म्हणाल्या, ''विचारू द्या काकू. आधीचं सिझर आहे ना तिचं, मग तर विचारायलाच हवं. रात्री माझ्याकडे रक्त नसतं. म्हणून हिची तारीख जवळ आली की आपण आधीच सोय करून ठेवू.''

ताईनं तिथंच नाव नोंदवलं.