घसादुखीमागून येणारी कावीळ

घरातील कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले, की पहिला संशय पाण्यावर जातो. जैन कुटुंबांत पाणी गाळून, उकळून पिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीपासून ती मोठे रक्षण करते. मात्र काविळीच्या एका कारणापुढे ही दक्षता पुरी पडत नाही. तो विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो.

त्याचे नाव एपस्टाइन-बार. १९६४ मध्ये लंडन येथे अँथनी एपस्टाइन, बर्ट अचोंग व इव्हॉन बार यांनी तो प्रथम ओळखला. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो सुप्तावस्थेत वसतो. बालपणी झालेला संसर्ग बहुधा ध्यानातही येत नाही. तारुण्यात प्रथमच झाला, तर ४ ते ६ आठवड्यांनी ‘इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस’ हा आजार उद्भवू शकतो: ताप, तीव्र घसादुखी, मानेत गाठी आणि अतोनात थकवा.

बहुतेक रुग्णांच्या यकृतास सौम्य सूज येते व ती आपोआप ओसरते. कावीळ शंभरांतील सुमारे पाचांनाच होते. यकृत निकामी होणे अत्यंत विरळ. तरीही पूर्वी पूर्ण निरोगी असलेल्या तरुणांतही ते घडलेले आहे. म्हणून ‘पोरगा धडधाकट आहे, दोन दिवसांत दुकानावर येईल’ या भरवशावर राहू नये.

या विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतल्यास उलट अंगभर पुरळ उठू शकते. पॅरासिटामॉलची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. काविळीवरचे काढे व चूर्णेही त्यांना विचारल्यावाचून देऊ नयेत. या आजारात प्लीहा वाढते आणि क्वचित फुटते. त्यामुळे मालाची पोती उचलणे व मैदानी खेळ किमान ३ ते ४ आठवडे बंद ठेवून, डॉक्टरांच्या अनुमतीनेच पुन्हा सुरू करावेत.

गुंगी, असंबद्ध बोलणे, सतत वांत्या, रक्तस्राव, श्वास घेण्यास त्रास किंवा पोटाच्या डाव्या वरच्या भागात अचानक कळ, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र सरण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पर्युषणाच्या दिवसांत हा आजार आल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. अठ्ठाईचा संकल्प मोडू नये म्हणून तरुण मुले-मुली ताप लपवतात. परंतु उपवासाने शरीरातील पाणी घटते, आणि अन्नावाचून राहिलेल्या देहातील यकृतास पॅरासिटामॉल अधिक अपायकारक ठरू शकते. तप शक्तीनुसार करावे, असे तत्त्वार्थसूत्रही सांगते. अशा वेळी वडीलधाऱ्यांनीच पुढाकार घेऊन डॉक्टरांचा सल्ला गुरुमहाराजांच्या कानी घालावा. अंथरुणावर पडल्या पडल्या नामस्मरण घडते, स्वाध्याय ऐकता येतो; उपवास पुढल्या वर्षीही करता येईल.