वाळूत राहिलेले दाताळे

दाताळे म्हणजे काय, हे आपल्या महाविद्यालयातील निम्म्या मुलांना तरी सांगावे लागणार नाही. खळ्यावर मळलेला माल ओढायचे, पिंजर बाजूला सारायचे ते लाकडी दातांचे अवजार. तसेच एक दाताळे मी ग्रंथालयातील एका पुस्तकात चित्ररूपाने पाहिले आणि खालची ओळ वाचून थबकलो. ते इजिप्तमधील कारानिस गावचे, दीड हजार वर्षांहून जुने. आज अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या केल्सी संग्रहालयात आहे.

कारानिस हे फायूम प्रांतातले, वाळवंटाच्या कडेचे गहू पिकवणारे गाव. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात ते वसले. त्याच्या अखेरच्या शतकांतले पुष्कळ रहिवासी आरंभीचे कॉप्ट, म्हणजे इजिप्तचे मूळचे ख्रिस्ती लोक. ग्रीकांनी इजिप्शियन माणसाला दिलेल्या नावाचे अरबांनी 'किब्त' केले, त्यावरून 'कॉप्ट' आले. आपली प्राचीन भाषा हे लोक ग्रीक अक्षरांत, वर आपली काही चिन्हे घालून, लिहू लागले होते. पुढे कालवे गाळाने भरले, पाणी येईना आणि गाव ओस पडले, असे मानतात.

लाकूड टिकले याचे कारण साधे आहे. तिथे पाऊस नावालाच, आणि गाव ओलिताच्या जमिनीपेक्षा उंचावर. ओल नाही म्हणून कूज नाही. पण गंमत पाहा, या गावाचा शत्रू निघाला तो शेतकरीच! जुन्या मातीच्या घरांची माती उत्तम खत होते. तिला तिकडे 'सेबाख' म्हणतात. ती उपसता उपसता गावाचा मधला भाग नाहीसा झाला. १९२४ ते १९३५ या काळात मिशिगनच्या संशोधकांनी उरलेले गाव खणले, म्हणून खुरपी-दाताळी हाती लागली. एरवी राजांच्या थडग्यांतले सोने शोधणाऱ्यांनी ती फेकूनच दिली असती.

इजिप्तमध्ये चांगले लाकूड दुर्मिळ. अवजारांना तिथली बाभूळ फार वापरीत, आणि ती आपलीच बाभूळ. तिच्या शास्त्रीय नावातील 'निलोटिका' हा शब्द नाईल नदीवरूनच आला आहे.

आमच्या घरचे दाताळेही आजोबांनी बाभळीचेच केले होते. मळणीयंत्र आले त्या वर्षी ते परसात पडले. दोन पावसाळ्यांत त्याला वाळवी लागली आणि उरलेला दांडा आईने न्हाणीच्या चुलीत घातला. कारानिसच्या दाताळ्याचे चित्र पाहताना मी आठवून पाहिले, पण आमच्या दाताळ्याला किती दात होते ते काही केल्या आठवले नाही.