जुन्या अँबॅसेडरचा पाचवा गिअर

नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो. 11 डिसेंबर 2022 ला त्याचा शिर्डीपर्यंतचा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. या रस्त्यावर सिग्नल नाही, गाव नाही, तासन्‌तास पाय उचलायचं कारण नाही. जुनी अँबॅसेडर मात्र अशा रस्त्यासाठी बनलेलीच नव्हती. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडलेली ही गाडी, 1489 सीसीचं इंजिन आणि चारच गिअर. चौथा पडला की इंजिनाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचाही एकच फेरा.

हिशेब सोपा आहे. चाकाचा घेर दोन मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर साडेचार धरलं, तर ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं. 0.8 गुणोत्तराचा पाचवा गिअर बसवला की त्याच वेगाला 2400 पुरतात. मिनिटाला सहाशे फेरे वाचतात. आवाज उतरतो, झीज कमी होते आणि विदर्भाच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीपुढे गेलेला असताना, म्हाताऱ्या इंजिनाला थोडी उसंत मिळते. हाच ओव्हरड्राइव्ह.

ब्रिटनमध्ये यासाठी वेगळं यंत्रच होतं. एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या कल्पनेवरून शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने बनवलेलं हे युनिट गिअरबॉक्सच्या मागे बसे. आत ग्रहमालेसारखे दातेरी चक्रांचे संच, तेलाच्या दाबावर सरकणारा शंकूच्या आकाराचा क्लच आणि चालकाच्या हाताशी विजेचं बटण. फार देखणं काम! पण आपल्याकडे ते मिळणं आणि सांभाळणं, दोन्ही अवघड. आपल्यासाठी जवळची वाट हिंदुस्तान मोटर्सनेच घालून दिली आहे. 1990 च्या दशकात अँबॅसेडरला 1.8 लिटरचं इसुझू इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळाला. म्हणजे याच बॉडीखाली पाचवा गिअर कारखान्यातूनच धावलेला आहे.

अडचण येते ती जुनं इंजिन ठेवून फक्त बॉक्स बदलताना. बेल हाउसिंग जुळत नाही, मग मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. तिची भोकं नुसती जुळून भागत नाही. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकशाफ्टच्या अगदी मध्यावर यावा लागतो. इंचाच्या काही हजाराव्या भागाचा फरकही पुढे पायलट बेअरिंग खातो, क्लच थरथरवतो. म्हणून डायल गेज लावून तपासल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत. क्लचप्लेटच्या मधले दाते नव्या शाफ्टचे हवेत, बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलचा.

प्रॉपेलर शाफ्टचं माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं. जॅकवर टांगलेल्या गाडीत पाट्यांच्या स्प्रिंगा सैल पडतात, अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि माप चुकतं. शाफ्ट कापून जोडला की दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत आहेत ना ते बघायचं, आणि शाफ्ट बॅलन्स करून घ्यायचा. हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे. लेथ आणि मिलिंगवर हात बसलेले कारागीर नागपूरला परके नाहीत. असं काम माझ्या मते अशाच हातांकडे द्यावं, घाईच्या गॅरेजला नको. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधूनच फिरते, तेव्हा काटा खरं बोलतो का तेही नंतर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहावं.

मागच्या अ‍ॅक्सलचे क्राऊन-पिनियन बदलूनही फेरे कमी करता येतात, पण मग पहिला गिअरही जड होतो आणि सीताबर्डीच्या गर्दीत क्लच जळतो. पाचवा गिअर खालच्या गिअरांची ताकद घालवत नाही. चढ लागला, समोरून वारा आला की चौथ्यावर यायचं, इतकंच. आणि तो वेग वाढवण्यासाठी आहे असं कुणी समजू नये. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक तेच आहेत, थांबायला लागणारं अंतरही तेच.

कायद्याचीही एक बाजू आहे. इंजिन बदललं तर नोंदणीपत्रातला तपशील बदलतो, त्यासाठी आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. म्हणून मी चेसिसला गॅस कटर लावायच्या विरुद्ध आहे. बॉक्स पेलणारा आडवा पट्टा नवा बनवावा आणि शक्य तिथे जुन्याच भोकांत बोल्टने बसवावा. उतरवलेला चार गिअरचा बॉक्स, त्याचा शाफ्ट आणि स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा ग्रीस लावून पेटीत ठेवावा. गाडी विकली, तर ती पेटीही नव्या मालकाच्या स्वाधीन करावी.